पहिल्या धारेचा अंगठा

"एवढ्या विजेत एवढं बीड वितळूच शकत नाही," असं म्हणून मॅडमनी चष्मा काढला आणि लाइटबिलांचा गठ्ठा पुढं सरकवला.

आमचे मालक शीतलदादा हसले. "म्हणून तर आमच्या तात्यांना बोलावलंय. विचारा त्यांनाच."

तात्या म्हणजे मी, हिंदुराव लोहार. केबिनच्या दारात पायताण काढून उभा होतो. दादांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. चाळीस वर्षांत त्या केबिनमध्ये मला कुणी बस म्हटलं नव्हतं. दादांचे वडील, आमचे अण्णा, देवमाणूस. पण त्यांनीसुद्धा नाही. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणसाची किंमत कळली. मूर्ख होतो, दुसरं काय.

आमचा कारखाना कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतला. पाइप जोडायचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, कोपरे ओतायचे नि युरोपला पाठवायचे, हा धंदा. त्या सुमाराला तिकडं नवा कायदा आला होता. माल करताना तुम्ही किती कार्बनचा धूर हवेत सोडला, ते बघून सरहद्दीवर कर. दगडी कोळशाचा कोक जाळून ओतलेल्या मालाला जबर कर, विजेच्या भट्टीत ओतलेल्याला अगदी थोडा. आणि आम्ही सांगतो म्हणून भागायचं नाही. तपासणारा माणूस येणार, मीटर बघणार, बिलं बघणार, भट्टी बघणार, मग सही करणार. मृण्मयी देवस्थळी मॅडम त्यासाठीच पुण्याहून आल्या होत्या. त्यांची सही झाली तर तीन वर्षांची ऑर्डर पक्की. नाही झाली तर चाळीस घरांत चूल कशी पेटणार, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"तात्या," मॅडम म्हणाल्या, "एक टन बीड वितळवायला बाकी सगळीकडं सहाशे-साडेसहाशे युनिट लागतात. तुमच्याकडं चारशेसुद्धा लागत नाहीत. हे कसं?"

खरं तर तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण युनिटं मी कधी बघितली नव्हती, ते ऑफिसचं काम. दिवसपाळीत माझी भट्टी, रात्रपाळीत दुसरा मिस्त्री; पेट्या भरून एकूण माल किती जातो, तेही मला कधी कळायचं नाही. आणि चारचौघांत कुणी तुमच्या हातगुणाबद्दल विचारलं की माणूस फुगतोच. मी फुगलो.

"मॅडम, वीज भट्टी खात न्हाई. मिस्त्रीचा आळस खातोय," मी म्हणालो. "झाकण उघडं टाकलं, गंजलेलं भंगार घातलं, रस तयार हाय आणि साचे तयार न्हाईत म्हणून वाट बघत बसला, की गेली वीज. माझ्याकडं आधी साचे, मग बटण. झाकण एक मिनिट जास्त उघडं दिसलं तर मी समोरच्याच्या सात पिढ्या काढतो."

मॅडम हसल्या. सगळं वहीत लिहून घेतलं. "असा माणूस या कामात पहिल्यांदा भेटतोय," त्या दादांना म्हणाल्या.

"आमचे अण्णा म्हणायचे," दादा म्हणाले, "हिंदुरावाला खोटं बोलायला लावायचं असेल तर आधी त्यालाच फसवावं लागेल."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो.

मग मी मॅडमना कारखाना दाखवायला निघालो. दादा मागनं येत होते. विजेची भट्टी झाली, मीटर झालं, मॅडमनी मोबाइलवर फोटो काढले. मागच्या शेडमध्ये जमिनीवर एक मोठं काळं वर्तुळ होतं, तिथं त्या थांबल्या.

"इथं काय होतं?"

"इथं माझा कपोला हुता," मी म्हणालो. "कोकवर चालणारी उभी भट्टी. तीन माणसं उंच. अण्णांनी आणि मी मिळून उभा केला. दोन वर्सांमागं काढला, ह्या तुमच्या करापायी."

"आणि त्यावरची माणसं?"

हे विचारायला नको होतं त्यांनी. म्हणजे, त्यांचं कामच ते, पण माझ्या दुखऱ्या जागेवर बोट पडलं. कपोल्यावर माझ्या हाताखाली अकरा जण होते. कोक फोडणारे, वर चढून माल टाकणारे, रस धरणारे. दादांनी मला सांगितलं होतं, तात्या, कपोला गेला नाही तर सगळा कारखाना जाईल. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील, माझं ऐकणार नाहीत. मी अकराच्या अकरा घरी स्वतः गेलो. दौलू पोवाराच्या सोप्यावर बसून सांगितलं, "दौलू, तुमी अकरा जण मागं सरलासा तर चाळीस जण जगत्यात. इलाज न्हाई. माझा शब्द हाय, ह्यात मालकाची लबाडी न्हाई." दौलूची बायको पारूबाई दाराआड उभी होती. तिनं एक शब्द काढला नाही, चहा मात्र दिला. मी तो तसाच ठेवून उठलो.

अकरा जण गपगुमान घरी बसले. मला मात्र दादांनी ठेवून घेतलं, विजेच्या भट्टीवर. तेव्हापासून बाजारात दौलू दिसला की मी मान खाली घालायचो. दर दिवाळीला अकरा घरांत दोन-दोन किलो साखर नेऊन द्यायचो, माझ्या पगारातनं. माझी बायको शेवंता म्हणायची, "साखरेनं पाप धुतलं जातंय व्हय?" मी म्हणायचो, "न्हाई जात. पण रिकाम्या हातानं त्यांच्या दारात उभं तरी कसं ऱ्हायचं?"

मॅडमना एवढं सगळं सांगितलं नाही. "गेली माणसं," एवढंच म्हणालो.

"त्या काळी प्रयोगशाळा नव्हती, मग रस चांगला आहे की नाही हे कसं कळायचं?" त्यांनी विचारलं. बाई हुशार होती, आणि खरंच समजून घ्यायची आवड होती तिला.

"अंगठा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी खाली बसलो, पोत्यातली ओली वाळू घेतली, चापून सपाट केली आणि तीत माझा अंगठा नखाच्या बाजूनं दाबला. "कपोल्यातनं पहिली धार निघाली की ती साच्यात घालायची न्हाई. आधी ह्या खड्ड्यात वतायची. गार झाला की हा बिडाचा अंगठा हातोडीनं मधोमध फोडायचा. आतला दाणा बघायचा. पांढरा निघाला तर माल कडक, वाया गेला. काळसर, दाणेदार निघाला तर बेलाशक वता. आर्धा अंगठा भट्टीवरच्या फळीवर आणि आर्धा त्या मालाच्या पेटीत, सगळ्यांत वर. म्हंजे गिऱ्हाइकाला कळावं, मिस्त्रीनं बघून माल सोडलाय."

"अरे वा. आणि आता?"

"आता मशीन हाय. दोन वर्सं झाली, अंगठा बंद."

हे शिकवलेला माझा एकच चेला होता, त्या अकरांशिवायचा बारावा, युवराज चौगुले. विशीत माझ्याकडं आला तेव्हा त्याला हातोडी कशी धरतात ते माहीत नव्हतं. पहिल्याच महिन्यात घण अंगठ्यावर बसला. नख मधोमध चिरलं, ते कायमचं. एकदा त्यानं अंगठ्याबिगर पेटी सोडली तेव्हा मी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. पण जीवही तेवढाच. त्याच्या लग्नात मी मुलाकडचा म्हणून उभा राहिलो, त्याला बाप नव्हता ना. कपोला निघाला त्याच आठवड्यात तो म्हणाला, तात्या, मला बेळगावला काम लागलं. मी म्हटलं, जा बाबा, तू तरी सुटलास. दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा. "बरं हाय न्हवं तात्या?" "बरं हाय." बस.

शेवटी आम्ही माल भरायच्या शेडमध्ये आलो. तीस-पस्तीस लाकडी पेट्या खिळे ठोकून तयार होत्या, संध्याकाळी कंटेनर लागणार होता. मॅडमनी मधल्या रांगेतली एक पेटी बोटानं दाखवली. "ही उघडा."

"मॅडम, पलीकडची उघडू या की, ही खाली दबलीय," दादा म्हणाले.

"हीच."

हमालानं पहारीनं फळी उचकटली. वरचं पेंढ्याचं पिंजर मॅडमनी हातानं बाजूला केलं, आणि त्यातनं एक लहानशी वस्तू उचलून माझ्यासमोर धरली.

"तात्या, तुम्ही म्हणालात तो हाच का?"

अर्धा अंगठा. बिडाचा. मी हातात घेतला. फुटलेला भाग वर केला. काळसर, जाडा दाणा, कोकच्या रसाचा. विजेच्या भट्टीतला दाणा असा पडत नाही, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. मग पालथा केला. नखावर मधोमध चीर होती.

"जुना राहिला असेल पिंजरात," दादा म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले.

"जुना आहे, तात्या?" मॅडमनी विचारलं.

बीड फोडलं की चार-पाच दिवसांत तांबूस पडायला लागतं. हा अंगठा फुटलेल्या जागी चकाकत होता. मला सगळं कळलं आणि काहीच कळेना. "चष्मा न्हाई आणला," मी म्हणालो. "जेवणानंतर बघून सांगतो."

आयुष्यातलं माझं पहिलं खोटं. चष्मा खिशात होता. अंगठाही मी तिथंच टाकला.

मॅडमनी वही मिटली. "तीन वाजता मी अहवाल पुरा करणार आहे. तोवर सांगा," त्या म्हणाल्या.

त्या जेवायला गेल्या तसं मी दादांना शेडच्या मागं गाठलं. "कपोला कुठं हाय?"

"तात्या, आवाज कमी करा."

"अण्णांची शपथ घालतो. कपोला कुठं हाय?"

दादांनी इकडंतिकडं बघितलं. "ऑर्डर दुप्पट झाली. दुसरी विजेची भट्टी घ्यायची तर सव्वा कोटी, वर विजेचा भार वाढवून मिळायला वर्ष. कुठनं आणू? नदीकडच्या आमच्या मळ्यात बंद गुऱ्हाळ होतं, तिथं उभा केला. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाच्या धुराडीतनं धूर निघाला तर कोण विचारतंय? आणि एक सांगतो, तुमच्या अकराच्या अकरा माणसांना मी तिथं कामावर घेतलंय. एकाला घरी बसवलं नाही. हे पुण्य नाही का, तात्या?"

"अकरा?" मी म्हणालो. "अकरा?"

"आठव्या दिवशी घेतले."

"मग मला का सांगितलं न्हाईसा?"

दादा जवळ आले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कधी ना कधी तपासणी होणार, हे मला माहीत होतं. त्या दिवशी खरं वाटेल असं बोलणारा माणूस मला पाहिजे होता. तुम्हाला ठाऊक असतं तर सकाळी तसं बोलला असता का?"

मी तो हात झटकला. सकाळची खुर्ची, अण्णांचं ते वाक्य, सगळ्यांचं हसणं. माझा खरेपणा त्यांनी दोन वर्षं जपून ठेवला होता, बोकड जपतात तसा.

स्कूटर काढली आणि नदीकडं निघालो. वीस मिनिटांचा रस्ता. उसातनं गाडीवाट होती. गुऱ्हाळ दिसायच्या आधीच वास आला, आणि तो गुळाचा नव्हता.

पत्र्याच्या आत माझा कपोला उभा होता. बुडाजवळचं ठिगळ मी स्वतः वेल्डिंग करून मारलेलं, तेही तसंच. वर फळीवर चढून दौलू टोपलीनं कोक टाकत होता. खाली बाकीचे. कुणीतरी म्हणालं, "तात्या!" आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"चालू द्या की," मी म्हणालो. "रस गार हुईल. माझ्यापायी थांबू नगासा."

युवराज पुढं आला. तोंडाला काळं, गळ्यात टॉवेल. "तात्या, तुमी कशाला आलासा?"

"बेळगाव लई जवळ आलं की रं, युवऱ्या. स्कूटरनं वीस मिंटं."

त्यानं मान खाली घातली. "मालकांनी शपथ घातलीती. तात्याला कळलं तर त्याच दिवशी भट्टी बंद, म्हणाले. अकरा घरं हुती माझ्यावर."

"आणि दर फोनला मला इचारत हुतास, बरं हाय न्हवं."

"ते खरंच इचारत हुतो."

दौलू शिडीवरनं खाली उतरला. साठीचा माणूस, माझ्याबरोबरीचा. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "दौलू, दोन वर्सं बाजारात मला बघून तू तोंड पाडायचास. मी मान खाली घालून जायचो. रात रात झोपलो न्हाई मी, दौलू. माझ्या शब्दापायी ह्याचं घर बसलं, म्हणून."

"तात्या, आमाला बी बरं वाटत नव्हतं."

"आणि माझी साखर? दोन दिवाळ्या माझी साखर घेतलास. पारूबाईनं पदर पसरून घेतली. एकानं, अकरातल्या एकानं तरी म्हणायचं, तात्या, नगं."

दौलू रडायच्या बेतात आला होता. "घेतली नसती तर तुमाला संशय आला असता," तो म्हणाला.

मी खिशातनं अर्धा अंगठा काढून युवराजसमोर धरला. "आणि हे कशाला पेटीत घातलंस? मला कळावं म्हणून?"

त्याचे डोळे विस्फारले. त्यानं तो अंगठा ओळखला आणि वर फळीकडं बघितलं, तिथं दुसरा अर्धा होता. "आरं देवा," तो म्हणाला. "दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलंतं, अंगठा पेटीत न्हाई पाहिजे. रोज काढून ठेवतो, तात्या. परवा माल घाईचा हुता. हात आपसूक गेला असंल." मग हळूच म्हणाला, "अंगठ्याबिगर माल सोडला म्हणून तुमीच मारलं हुतं मला."

वर कोक धडधडत होता.

"तात्या," युवराज म्हणाला, "मॅडमना सांगू नगासा. आमच्या पोटावर पाय येईल. तुमच्या पाया पडतो." आणि तो खरंच वाकला. मी मागं सरलो.

परतताना वाटेत एका बांधावर स्कूटर लावून बसलो. अडीच वाजले होते. मनात म्हणालो, हिंदुराव, गप्प बस. जुना अंगठा आहे, म्हण. एक शब्द. अकरा घरं वाचतात, पन्नास वाचतात. आणि तसं म्हणायचं जवळजवळ ठरलंसुद्धा होतं.

केबिनमध्ये मॅडम लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. दादांनी पुन्हा माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्या खुर्चीचा आवाज झाला आणि माझं डोकं फिरलं.

"या तात्या, बसा," दादा म्हणाले. "मॅडम तुमचीच वाट बघत होत्या. तुम्ही सांगाल ते त्या लिहिणार आहेत."

मी बसलो नाही. अंगठा टेबलावर ठेवला. "मॅडम, हा जुना न्हाई. परवाचा हाय. कोकच्या भट्टीतला हाय. भट्टी नदीकडच्या गुऱ्हाळात हाय, चला, दाखवतो. आणि सकाळी मी जे काय सांगितलं, झाकण नि आळस नि काय काय, त्यातलं खरं तेवढंच की मी गाढव हाय."

दादांनी डोळे मिटले. मॅडमनी लगेच काही लिहिलं नाही. "तात्या, याचा परिणाम काय होईल ते तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत हाय."

"तरी सांगताय?"

"तरी सांगतोय."

लोक नंतर म्हणाले, हिंदुराव सत्यवादी, हिंदुराव असा, हिंदुराव तसा. कशाचं काय. आज इतक्या वर्षांनी छातीवर हात ठेवून सांगतो, मी खरेपणासाठी बोललो नाही. मला राग आला होता म्हणून बोललो. दोन वर्षं सगळ्यांनी मिळून मला एकट्याला बाहेर उभं केलं होतं. मालकानं, चेल्यानं, ज्यांच्यासाठी मी झुरत होतो त्यांनी. त्यांचंही काहीतरी मोडावं, असं वाटलं. ते मोडायला माझ्या हातात खऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

सही झाली नाही. युरोपच्या गिऱ्हाइकानं ऑर्डर निम्म्यावर आणली. दादा काही बुडाले नाहीत. वर्षभर जबर कर सोसला, मग कर्ज काढून दुसरी विजेची भट्टी बसवली, आणि पुढच्या तपासणीत पास झाले. चाळीस जण रडतखडत टिकले. मी दुसऱ्याच दिवशी काम सोडलं. कपोला त्याच महिन्यात भंगारात गेला, आणि त्यावरचे अकरा जण घरी बसले. या वेळी खरोखर.

गावात बोलायला लागले, तात्यानं दगा दिला. बरोबरच्या माणसांच्या पोटावर पाय दिला. पाणी भरायला गेलेल्या शेवंतेला कुणी बोलेना. बाजारात मला बघून दौलू आता तोंड पाडायचा नाही. सरळ दुसऱ्या गल्लीला वळायचा.

दिवाळी आली. मी सवयीनं पिशवी घेऊन निघालो तर शेवंतेनं दारातच अडवलं. "कुणाच्या दारात जाणार हायसा? गप घरात बसा."

वसुबारसेच्या सकाळी दारात टेम्पो थांबला. युवराज उतरला. तेव्हा तो भाड्याचा टेम्पो चालवायला लागला होता. त्यानं मागची फळी पाडली आणि कापडी पिशव्या एक-एक करून आमच्या कट्ट्यावर मांडायला लागला. माझ्याकडं बघत नव्हता.

"काय हे?"

"साखर. चार-चार किलो. दोन दिवाळ्यांची." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "सगळ्यांनी ठरवलं, तुमची ठेवायची न्हाई."

मी कट्ट्याकडं बघत उभा राहिलो. कामावर होते तेव्हा मुकाट्यानं खाल्ली. आता हाताला काम नाही, घरात दिवाळी आलेली, तर ही माणसं साखर विकत आणून मला परत करत होती.

"युवराज," मी म्हणालो. त्याला युवऱ्या म्हणायचं धाडस झालं नाही. "आत ये. चहा घे."

"नगं. भाडं हाय."

मी पिशव्या मोजल्या. दहा होत्या. "ह्या दहाच हायत."

त्यानं टेम्पोची फळी वर केली, कडी घातली. "दौलूअण्णांची न्हाई. त्यांच्याकडं ह्या टायमाला जमलं न्हाई. पुढल्या दिवाळीला देतो म्हणालेत."

"त्याला म्हणावं, नगं. माझी शपथ घाल."

"शपथ लई झाल्या, तात्या," तो म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला.

ती साखर आम्ही खाल्ली नाही. शेवंतेनं पिशव्या माळ्यावर टाकल्या, पावसाळ्यात पाणी सुटलं, मुंग्या लागल्या. वर्ष गेलं. मला वाटत होतं, दौलू विसरला असेल. विसरावं, असं मी देवाला सांगत होतो.

वसुबारसेच्या सकाळी दार उघडलं तर कट्ट्यावर एक पिशवी होती. मी आतनं तागडी आणून वजन केलं. चार किलो भरली.